शेळ्यांचा बंदोबस्त, मुक्काम पडेगाव

३ डिसेंबर
पहाटे मोकाट कुत्र्यांनी मैना शेळीचं करडू नेलं. काटेरी कुंपणाला खालून भगदाड. बायको आशा सकाळपासून रडतेय. म्हणाली, लीलाबाईसारखं पत्र्याचं शेड करा. शेजारच्या लीलाबाईच्या आठ शेळ्यांपैकी एकीलाही ओरखडा नाही. का नाही? कारखान्यात मी सुपरवायझर होतो. एकाच डिपार्टमेंटचं नुकसान होत असेल तर शेजारच्या डिपार्टमेंटवर लक्ष ठेवायचं असतं.

४ डिसेंबर
लीलाबाईला सहज विचारलं. म्हणाली, "भाऊ, मी दिवेलागणीच्या आत शेळ्या कोंडते. कुत्र्यांला कडी काढता येत नाय." उत्तर फारच तयार होतं. संशय पक्का.

६ डिसेंबर
निर्णय. शेड नाही, सिक्युरिटी. रोज संध्याकाळी दौलताबाद रोडच्या फाट्यावर गस्त. कुत्री शहरातून कुणीतरी गाडीत आणून सोडतं, असा कयास. आज पांढऱ्या गाड्या लई होत्या. एवढ्या कशाला?

९ डिसेंबर
हल्ला नाही. माझी पद्धत लागू पडली. आशाला सांगितलं. तोंडाला पदर लावून आत गेली. भावनावश झाली असावी. गस्तीनं दमायला होतं. जेवलो की थेट अंथरूण.

११ डिसेंबर
सकाळी गोठ्यात लेंड्या जवळपास नाहीत. शेळ्या मात्र टुमटुमीत. म्हणजे कुणीतरी खत चोरतंय! संशयित : कचरू, दूध न्यायला येतो तो. सरळ विचारलं, लेंड्या कोण नेतं? म्हणाला, "साहेब, तब्येत बरी हाय ना?" विषय बदलला. नोंद घेतली.

१३ डिसेंबर
आशा आणि लीलाबाई कुंपणापाशी कुजबुजत होत्या. मी जाताच मेथीच्या भावावर बोलू लागल्या. आमच्याकडं मेथी घरचीच असते.

१४ डिसेंबर
मुलगा ऋतुराज शहरातून, पुंडलिकनगरहून आला. त्याला सगळी सिस्टिम समजावली. म्हणाला, "बाबा, तुम्ही फाट्यावर असता तेव्हा गोठ्यावर कोण असतं?" नवीन पिढीला प्लॅनिंग कळत नाही.

१६ डिसेंबर, सकाळ
सर्वनाश. कुंपण उचकटलेलं. गोठ्यात कुत्र्यांची पावलंच पावलं. सगळ्या शेळ्या गायब. मैनाचं दावं रिकामं. मी तिथंच मातीत बसलो. रडलो. ऋतुराजला फोन लावला.
आशा पिठाच्या हातानं पळत आली. म्हणाली, "अहो, उठा. शेळ्या लीलाबाईच्या शेडमधी हायेत. तुम्ही गस्तीला गेलात की रोज तिकडं नेऊन बांधते. तुम्ही उठायच्या आत परत आणते. आज तेवढा उशीर झाला."
तिला विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, "तुम्ही लीलाबाईवरच संशय घेत होता. नेऊ दिल्या असत्या का?"
यावर काही लिहायचं नाही.

१७ डिसेंबर
शेड बांधायचं ठरलं. तोवर शेळ्या तिकडंच. आज पोचवायला मी गेलो. मला हाकायचीही गरज पडली नाही, आपणहून पळत सुटल्या. मैना लीलाबाईच्या हातचा पाला खाऊ लागली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी दाराबाहेर उभा. आभार मानायचे होते. नीट जमले नाहीत.
लीलाबाई कडी घालता घालता म्हणाली, "भाऊ, आता तुम्ही पण घरी जावा. कुत्री यायची येळ झाली."
गेलो. जरा भरभरच.