तीन नंबरचा पंप आणि परबकाका

३ फेब्रु.
तीन नंबरचा गरम तेलाचा पंप परत गळतोय. तेल अडवणारं सील फुटलं. देसाईसाहेब, आमचे प्लांट मॅनेजर, सगळ्यांसमोर म्हणाले, "परबांचं वय झालं. आता आणखी एकदा गळला की काम बाहेर." म्हणजे आमचे जुने फिटर परबकाका घरी. मुलुंडच्या या कारखान्यातली मी मेंटेनन्स इंजिनिअर, आणि मी नुसती मान डोलावली. स्वतःचाच राग येतोय.

५ फेब्रु.
जुनं सील उघडलं. चकतीवर केसासारख्या भेगा, पण झीज एकसारखी. म्हणजे बसवलं होतं नीट. मग तडकलं कशाने? काकांनी हात पुढे धरले. "थरथरतत काय गो? खरा सांग."
नाही थरथरत. त्यांना पटलं नाही. त्यांचा जेवणाचा डबा तसाच परत घरी, भांडुपला.

९ फेब्रु.
नवीन सील. काका बसवत होते, मी शेजारीच. नाव ठेवायला जागा नाही. पंप तापला, थेंब नाही. हुश्श म्हणते तोवर काकांनी नळाचा पाइप ओढला, नेहमीसारखा अख्खा पंप धुतला. वाफच वाफ.
"काका, थांबा!"
"काम झाल्यावर मशीन मळका ठेवूचा नाय, बाय." वर पंपाला कुंकवाचं बोट लावलं.
तापलेल्या सीलवर गार पाणी! तडकणारच. बाकीचे पंप गारच. हाही गरम तेलावर घेतल्यापासूनच सीलं जातायत. त्यांच्या या स्वच्छतेचं कौतुक करत आलो आम्ही सगळे.

१२ फेब्रु.
गळला. साहेबांच्या हातापाया पडून आणखी एक सील मिळवलं, शेवटचं. कारण सांगितलं नाही. काकांना मात्र कॅन्टीनमध्ये सांगितलं. त्यांनी चहा बाजूला सारला. मग एवढंच, "म्हणजे मीच मोडलंय?"


१७ फेब्रु.
पाण्याचा पाइप आता खिळ्यालाच टांगलेला. काका पंप थंड असतानाच फडक्याने पुसतात. अजून थेंब नाही. साहेब खूश. "वेगळं काय केलंत यावेळी? उद्या मीटिंगमध्ये सांगा." मालकही असणार.
नवीन सील चांगलं निघालं, असं सांगून मोकळी होणार होते. पण मग नवा फिटर उद्या तेच करेल. काकांनीच अडवलं. "खरा काय ता सांग. मी पण येतंय."
इस्त्रीचा शर्ट घालून येणार म्हणे. आणि खरं ऐकूनही त्यांना घरीच पाठवलं तर? तरी सांगणार: चूक बसवण्यात नव्हती, धुण्यात होती.