वाई बघायला गेलो आणि बैल पदरात पडला

तीर्थरूप दाजींना,

सांगलीहून नानासोचा वाकून नमस्कार. ताईचा गुडघा कसा आहे? वडूजला पाऊस झाला का? फोन न करता मुद्दाम पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मधेच "न्हाई" म्हणता.

राजेश्वरीला लग्न झाल्यापासून वाई बघायची होती. कृष्णेचा घाट, देवळं, मेणवली, सगळं. (तिच्या बहिणी बघून आल्या आणि वर फोटोही पाठवतात.) फौजेत होतो तोवर मला रजा नव्हती आणि निवृत्त झाल्यावर सबब उरली नाही, म्हणून गेल्या आठवड्यात एकदाचे गेलो.

घाटावर पोचलो, देऊळ समोर दिसत होतं. राजेश्वरी म्हणाली, आधी दर्शन. पण खाली पायऱ्यांवर कुणा नाथाजीचा दहावा चालला होता आणि पिंडाला कावळा शिवत नव्हता. माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. कुठं काही अडलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. (तुमच्या लग्नात आचाऱ्याला बाजूला सारून मी आमटी केली होती, तो विषय नको.) नाथाजीची पोरं शिरवळला कंपनीत कामाला. त्यांनी सगळी वचनं देऊन झाली होती, रान विकत नाही, आईला अंतर देत नाही. कावळे झाडावर बसून नुसते ऐकत होते. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी मीच पुढं होऊन नाथाजीच्या बायकोला, हरणाबाईंना विचारलं, मालकांचा जीव कशात होता?

त्या म्हणाल्या, "आवं, समदा जीव त्या हौश्या बैलात. म्हातारा झालाय. आता कोण सांभाळायचा त्याला?"

पोरांनी माना खाली घातल्या. मी हात जोडून खड्या आवाजात म्हणालो, "नाथाजीराव, निवांत जावा, हौश्याला मी सांभाळतो!" वाटलं, एवढ्यानं पोरांना लाज वाटेल. पोरं हलली नाहीत, कावळा मात्र त्या क्षणी उतरला, आणि तोही सगळा गोतावळा घेऊन.

हरणाबाई पाया पडायला लागल्या. दाजी, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत घ्यायचा तर कुणाकडून? मग देवळं राहिली, मेणवली राहिली. सगळा दिवस त्यांच्या गावी बैल बघण्यात आणि टेंपो ठरवण्यात गेला. येताना एस.टी.त राजेश्वरी खिडकीकडे तोंड करून बसली ती थेट सांगलीपर्यंत. ओळख ना पाळख अशा माणसाची इच्छा मी चुटकीसरशी पुरी केली आणि हिची एवढीशी होती ती बुडवली. फार वाईट वाटलं, दाजी. अजून वाटतंय.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आपला,
नानासो

ता. क. : हौश्या काल वडूजला रवाना झाला. पत्राआधी पोचला असेल तर घाबरू नका, तो आपलाच आहे. कडबा खातो, मारत नाही.

आणखी ता. क. : पाकीट बंद करताना राजेश्वरी बोलली. म्हणाली, "परक्याच्या बैलापायी एवढं केलंसा. माझी वाई ऱ्हायलीया, ती काय मी मेल्यावर कावळ्याला सांगणार हाय?" येत्या रविवारी तिला घेऊन पुन्हा जातोय. घाटावर कुणाचं काही अडलं तरी तोंड उघडणार नाही, अशी शपथ घ्या म्हणाली. मला ती घेता येईना. म्हणून तुम्ही याच. तुम्ही मला घट्ट धरून ठेवा, तिला वाई बघू दे.