सारिकाचं बी

आईस रंजनाचा पाया पडून नमस्कार.

हितं सगळं बरं हाय. फोनवर बोलताना घरातली माणसं आसपास असतात, म्हणून लिहून धाडतीय. तुझा गुडघा कसा हाय? अकलूजच्या दवाखान्यात जाऊन आलीस का?

यंदा ज्वारीच्या कडंला, विहिरीजवळ भाजीचं रान केलं. सगळं गाव धावून आलं की. कुणी शेणखत टाकलं, कुणी पाइप दिला, बायकांनी वाफे बांधले. बी तर विकत आणावंच लागलं न्हाय.

शेजारच्या सोनाबाई राखेत घोळून ठेवलेलं गवारीचं बी घेऊन आल्या. म्हणाल्या, "घे, तुझ्याच घरचं हाय. सारिकानं दिल्यालं." मग दोडका आला, भेंडी आली. ह्यांची पहिली बायको तापानं जायच्या आधी घरोघर बी वाटून गेली हुती. ते सगळं परत आलं.

रान लई झ्याक आलंय. हे रोज सकाळी वाफ्यात बसून पानांवर हात फिरवतात. माझ्याशी चांगलं वागतात, काळजी करू नको. वेल कुटं चढवू विचारलं, तर म्हणाले, "ती बाभळीवर चढवायची." मी पण तिथंच चढवला.

मंगळवेढ्याच्या बाजारात बायका विचारतात, "सारिकाचीच गवार न्हवं?" मी व्हय म्हणते. लगेच खपते.

परवा पाटी उतरवताना मागनं कुणीतरी सारिका म्हणून हाक मारली. आई, मी वळून ओ दिली.

उत्तर धाड. पाकिटावर माझं नाव ठळक घाल.

तुझी लेक,
रंजना