शिकाऊ गाडीतली झोप

रविवार, ३ तारीख, संध्याकाळ
उद्यापासून घर माझ्या ताब्यात. बायको लॅबमध्ये कवळ्या बनवते. नवीन मशीन आलंय, त्याच्या तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला तिला निवडलंय, परगावी. परत आली की सेक्शनची हेड. हो की नाही, ते शुक्रवारी कळवायचंय. तिचा जीव पोरांत अडकलेला. मी म्हटलं, अगं, आठवडाभर ट्रायल घे. रोज अर्धा दिवस करतेस तो पूर्ण कर. दुपारी थोरलीला शाळेतून नि धाकट्या बोक्याला पाळणाघरातून मी आणणार, सांभाळणार, झोपवणार. सासूबाईंना फोन नाही, शेजारी हाक नाही.
ती म्हणाली, नक्की ना? मला हसूच आलं. इतकी वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवतोय. लोकांनी गाड्या फुटपाथवर चढवल्या, भाजीच्या दुकानात घातल्या, पण माझा आवाज कधी चढला नाही. दोन पोरं म्हणजे किस झाड की पत्ती!
टाइमटेबल करून फ्रिजला लावलं. थोरलीने वाचलं. म्हणाली, यात तुझं जेवण नाहीये.

सोमवार, ४ तारीख, दुपार
सुरुवात उत्तम. बोक्याने अंडं खाल्लं नाही, पण फेकलं लांब. हातात ताकद आहे पोराच्या. थोरलीचे बूट बादलीत सापडले. बोक्याला का रे टाकलेस असं विचारलं, तर म्हणाला, आंघोळ.
एक वाजता झोप, असं टाइमटेबल सांगतं. बोका ते मानत नाही. दाराशी आडवा पडून आई आई करून ओरडला. गाडीचा नियम पोरांनाही लागू आहे: क्लच हळू सोडायचा. म्हणजे हळू आवाजात समजवायचं. मी हळू आवाजात समजावलं. त्याला ऐकूच गेलं नाही.
सासूबाईंना फोन केला, पण तो तब्येतीची चौकशी म्हणून. त्यांनी आपणहून सांगितलं की पालथा घालून थोपट. ही मदत धरता येणार नाही.
थोपटलं. मी झोपलो. बोका नाही.

मंगळवार, ५ तारीख, संध्याकाळ
युरेका!
दुपारचे सगळे विद्यार्थी पुढे ढकललेत, पण औषधवाल्या बाईंना ढकलता येत नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या मालकीण. दोनदा नापास. गुरुवारी तिसरी टेस्ट. मग काय, बोक्याची खुर्ची मागच्या सीटवर पट्ट्याने आवळली, शेजारी थोरली, पुढे बाई, नि निघालो.
बाईंचा क्लच नेहमीसारखा. गाडी गचका खाऊन बंद. परत सुरू, परत गचका. मी ब्रेकवर पाय ठेवून मनात देवाचं नाव घेत होतो, तेवढ्यात थोरली म्हणाली, बाबा, हा झोपला. बघतो तर खरंच! मान कलंडलेली, तोंड उघडं.
मग बाईंना सूर सापडला. गाडी लोण्यासारखी पळाली. बोका ताडकन उठला नि त्याने भोकाड पसरलं. बाई बिचाऱ्या घाबरल्या, पाय सुटला, गचका. बोका झोपला.
मी बाईंना म्हटलं, आज एवढं असंच चालू द्या. त्या म्हणाल्या, अहो, पण मला आत्ता कुठे जमायला लागलं होतं. मी म्हटलं, जमलेलं कुठे जातंय?

बुधवार, ६ तारीख, दुपार
सिस्टीम बसली. बाई हुशार आहेत. आरशात बोक्याकडे बघत सपाट रस्त्यावर बेताचे गचके देतात. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. पोरगं दोन तास गाढ. मैदानाजवळ सावलीत गाडी लावली, बाईंना पार्किंगची थिअरी समजावत बसलो. फार शांत वाटलं. वाटलं, तीन काय, सहा महिने जाऊ दे तिला.
थोरलीला शाळेतून आणायचं राहिलं.

तोच दिवस, संध्याकाळ
तसं विशेष काही नाही. शाळेचं फाटक बंद, आत वॉचमनच्या खुर्चीवर थोरली. दप्तर मांडीवर. रडत नव्हती. म्हणाली, मला माहीत होतं तू येशील, वॉचमनकाकांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, ट्रॅफिक होतं. तिने गाडीत झोपलेल्या बोक्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि दप्तर घेऊन मागे बसली.
घरी आल्यावर पोरांना बिस्किटं दिली नि मी जरा जिन्यात बसलो. हिशोब जुळवत होतो, कुठे चुकलं. डोळ्यात धूळ गेली. आमच्या जिन्यात धूळ फार. थोरली येऊन शेजारी बसली, शाळेचा रुमाल दिला. मी म्हटलं, आजचं आपल्या दोघांत. ती म्हणाली, बरं.
बायको सातला आली. बोक्याला मांडीवर घेऊन थोपटू लागली तर तो म्हणे, आई, गचका. तिला कळेना. शेवटी ती दोघं बसलेली खुर्ची मीच गचके देत हलवली. ती फार दमलेली दिसली. ट्रेनिंग हा तिच्यासाठी चांगला बदल ठरेल.

गुरुवार, ७ तारीख, दुपार
औषधवाल्या बाई नापास. इन्स्पेक्टरची कडक नजर, दुसरं काय.
ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मला आत बोलावलं. इन्स्पेक्टरचं म्हणणं, बाईंनी चढ छान घेतला, रिव्हर्स छान घेतला, आणि सपाट मोकळ्या रस्त्यावर मात्र दर थोड्या वेळाने गाडीला हिसका. का, असं विचारलं तर म्हणाल्या, सवय झालीय, नाहीतर बाळ उठतं. इन्स्पेक्टरने मागे वळून पाहिलं. मागे कोण असणार!
मालक म्हणाले, तू यांना शिकवत होतास की यांच्याकडून पाळणा हलवून घेत होतास? मी त्यांना मनातल्या मनात माफ केलं. मोठं मन लागतं.
बाईंना वाईट वाटलं असणार. पण रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, मग आज दुपारी तो कसा झोपणार?
नाही झोपला.

शुक्रवार, ८ तारीख, सकाळ
आज निर्णय. चहा मी केला. घर चकाचक, म्हणजे पलंगाखाली कोणी बघितलं नाही तर. बायकोला आठवड्याचा रिपोर्ट दिला: पोरं जिवंत, सासूबाईंना एकच फोन, तोही तब्येतीचा. ती हसली. म्हणाली, विचार जवळजवळ पक्का आहे, आज हो सांगून टाकते. मी म्हटलं, सांगच! छाती भरून आली. खरंच आली. ती कवळ्यांवर वाकून वाकून मान धरून घरी येते, तिला काय मी ओळखत नाही?
मग ती थोरलीची वेणी घालायला बसली. मी बाथरूममध्ये होतो, दार नीट लागत नाही, म्हणून ऐकू आलं. थोरली म्हणाली, आई, तू जाऊ नकोस. बायको म्हणाली, अगं, बाबा आहे ना. थोरली म्हणाली, म्हणूनच. बाबाला एकट्याला भीती वाटते.
शाळेचं मात्र बोलली नाही. शब्दाची पक्की आहे पोरगी.
काहीतरीच बोलतात पोरं. मुलांच्या बोलण्यावर कोण जातं?

शनिवार, ९ तारीख, दुपार
बायकोने नकार कळवला. तिचा स्वतःचा निर्णय. मी आडवा आलो नाही, उलट मी पूर्ण तयार होतो. म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या कुणाला तरी पाठवतायत, तिच्यापेक्षा नवीन आहे ती मुलगी.
पुढच्या वर्षी तर बोका मोठा झालेला असेल. तोवर माझी तयारी आणखी पक्की. टाइमटेबल काढलेलं नाही, असू दे फ्रिजवर.
जेवण झाल्यावर बोका झोपेना. सगळ्यांना गाडीत घातलं. ती मागे, मुलांच्या मधे. सपाट रस्त्यावर मी स्वतः गचके देत देत मैदानाला फेरी मारली. मागच्या गाडीवाल्याने शिवी दिली. बोका झोपला. थोरलीही झोपली.
आरशात पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती, पदराने डोळे पुसत. काच वर होती, तरी धूळ गेली असावी.
मी आणखी एक फेरी मारली.