माझ्या नावाची मनीऑर्डर

ओरत्तनाडू,
१४ सप्टेंबर १९९६

तीर्थस्वरूप मुरलीअण्णांस वसुमतीचा नमस्कार.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. माझी विधवा पेन्शन मंजूर झाली. परवा पोस्टमनने मनीऑर्डर माझ्याच हातात दिली. जननीला माझ्याबरोबर भातलावणीला नेत होते, ते आता थांबवलं. ती रोज शाळेत जाते.

"आई, आता मामांकडे राहायला जायचं नाही ना?" तिने विचारलं. मी "नाही" म्हणाले. मग तुम्हाला न विचारता बोलले याची धास्ती वाटली.

हे गेल्यावर 'घर बंद करून तंजावूरला ये' असं तुम्ही मायेनेच म्हणाला होता. रागावू नका. छप्पर थोडं गळतं, पण ऑक्टोबरच्या मोठ्या पावसाला अजून अवकाश आहे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? दिवाळीला येऊ, चार दिवस पाहुण्या म्हणून.

तुमची धाकटी,
वसुमती