घोट्यावरचे लाल दाणे

कुंभकोणम्, १९९१. शुक्रवार, संध्याकाळ

अप्पांच्या घोट्यावरची मधुमेहाची जखम आठ महिने का भरत नव्हती, ते आज सकाळी कळलं. सोवळ्याला रक्त लागू नये म्हणून पूजेआधी ते ती पंच्याने खसाखसा पुसतात. पाणी मीच घालते. म्हणजे मीही त्यात आलेच.

डॉक्टरीणबाई तमिळमध्ये चिडून म्हणाल्या, "हे लाल दाणे म्हणजे नव्या रक्तवाहिन्या. त्या उगवतात, तुम्ही खरवडता. असंच चाललं तर पाय काढावा लागेल."

उगवत होत्या! पंचाहत्तरीच्या पायात, रोज. आणि आम्ही?

घरी आल्यावर अप्पा खुर्चीतच बसले. "आज पूजा तू कर." शाळिग्रामाला आईनेही कधी हात लावला नव्हता. मी त्याला न्हाऊ घालून पंच्याने पुसायला घेतलं, तर अप्पा म्हणाले, "हळू पूस."