मंडईवरची काच

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इथे येऊन दोन महिने झाले आणि आज घर नावावर झालं. सगळ्यांत आधी तुला कळवायचं म्हणून हातपाय धुऊन लगेच लिहायला बसलो. खाली दुकान, वर तीन खोल्या, मागे अंगण. शहरात दीड खोलीचं भाडं भरता भरता जेवढे पैसे गेले, तेवढ्यात इथे अख्खं घर आपलं झालं. मास्तरीणबाई (तुझ्या भावजयीला इथल्या शाळेत सगळे असंच म्हणतात, म्हणून मीही) पहिल्या दिवशी या खोलीतून त्या खोलीत नुसत्याच फिरत होत्या. भिंगरी जिना चढते, उतरते, परत चढते. घरातल्या घरात आपला असा जिना असतो, हे लेकीला अजून खरं वाटत नाही.

स्वस्त का मिळालं, ते तू विचारशीलच. इथला कागदाचा कारखाना बंद पडला आणि निम्मं गाव उठून गेलं. राहिले त्यांत रिकाम्या हातांचे पुष्कळ. दुकानं फुटतात. मी पडलो काचवाला, त्यामुळे माझा धंदा बरा चालतो आणि त्याची मलाच लाज वाटते. औषधवाल्याची काच एका महिन्यात दोनदा बसवली. दुसऱ्यांदा मजुरी घेताना त्याच्याकडे बघवेना. तो म्हणाला की घ्या हो, निदान तुमचं तरी नीट चालू दे.

पण खरी बातमी पुढेच आहे. इथे एक मंडई आहे, एवढी मोठी की आत शिरल्यावर आपण एकदम लहान झाल्यासारखं वाटतं. आत दिवसाढवळ्या अंधार. पूर्वी चोर छपरातून उतरायचे, म्हणून नगरपालिकेने वरून पत्रे ठोकले आणि डांबर फासलं. आता दिव्यांचं बिल झेपत नाही म्हणून निम्मे दिवे बंद, आणि त्या अंधारात पाकीटमारांचं फावलंय. छप्पर किती गळतं ते बघायला मला वर चढवलं होतं. एका कोपऱ्यातला पत्रा उचकटला, खाली हात घातला, आणि ताई, हाताला काच लागली. थंड, गुळगुळीत, कुठे तडा नाही. रुमालाने पुसली तर उजेडाची सळई खाली गेली आणि खोलवर कुणाच्यातरी टोपलीतली लिंबं दिसली. मी उभा होतो ते सगळंच्या सगळं छप्पर काचेचं आहे. एवढी काच मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

भावजींना नमस्कार. रागावशील तेव्हाही माया कमी करू नकोस.

तुझा,
भाऊ


दि. १९ जानेवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या भावजींनी ते मोठ्याने वाचलं, दोनदा. गुडघा दुखतो म्हणून हल्ली त्यांचा तेवढाच व्यायाम.

मी काय काम करते, हे तू विसरला नसशील. विमा कंपनीत चोरीचे अर्ज तपासण्यात माझी नोकरी सरत आली. तुमच्या गावचा अर्ज टेबलावर आला की शेजारची बाई विचारते, आज काय नेलं म्हणून. सायकली, नळ, तांब्याच्या तारा. एकदा तर दवाखान्याचं दार नेलं होतं. चौकटीसकट. तुझ्या घराचा विमा किती पडेल, तेही मी काढून पाहिलं. घर स्वस्त आणि विमा महाग, यातच काय ते समज.

काच पाहून तू हरखलास हे मला कळतं. लहानपणी बाटलीचा तुकडा डोळ्याला लावून तू तासन्‌तास बसायचास आणि मी तुला जेवायला ओढून आणायची. पण तुझ्या पदरात आता मुलगी आहे. खिडक्यांना गज आहेत का, अंगणाची भिंत किती उंच, मास्तरीण शाळेतून एकटी येते का, हे आधी लिही. छपराचं मागाहून लिही. आमची मागची खोली रिकामीच आहे. तीत तुमचं सामान मावणार नाही, माणसं मावतील.

भिंगरीला पापा. चिडले आहे ती काळजीपोटी, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. सगळं बरं आहे, असं त्यांनी तुम्हाला कळवलं असेल. बरं नाही.

मागच्या पंधरवड्यात आम्ही तिघं बाहेर असताना दुकान फोडलं. काच कापायच्या दोन्ही हिरकण्या आणि काच उचलायच्या रबरी वाट्या गेल्या. तेही सोसलं. पण परवा मंडईत, दिवे नसलेल्या रांगेत, कुणीतरी मागून धक्का दिला, पर्स हिसकली आणि मी पडले. मनगट मोडलं. डावं आहे म्हणून निदान लिहू तरी शकते. आजूबाजूला माणसं होती, पण काय झालं ते कुणाला दिसलंच नाही, आणि मलाही त्या माणसाचा चेहरा दिसला नाही. भिंगरी माझ्याजवळ होती. तेव्हापासून ती माझा हात सोडत नाही. शाळेतून येताना इतकी घट्ट धरते की माझी बोटं दुखतात. घरी मी न्हाणीघरात गेले तर दाराशी उभी राहते. तो जिनासुद्धा ती आता एकटी चढत नाही.

मला परत यायचं आहे. पण परत म्हणजे कुठे, हा विचार आला की मी गप्प बसते. तिकडे हे दुसऱ्याच्या हाताखाली राबायचे आणि संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडायचे. इथे जेवताना बोलत असतात. काच बसवायच्या पुटीला मराठीत लांबी का म्हणतात, यावर परवा एवढं बोलले की आमटी गार झाली. तिकडे शेजारी खोकला की भिंगरी दचकून उठायची. इथे तिला तिची स्वतःची खोली आहे, खिडकीतून झाड दिसतं. एका पारड्यात माझी भीती टाकते आणि दुसऱ्यात हे सगळं, आणि रोज वेगळंच पारडं खाली जातं. मला एकटीला हे पेलत नाही, ताई. तुमचं ते ऐकतात. तुम्ही लिहा.

आगाऊपणा पोटात घालावा आणि लोभ होता तसाच ठेवावा.

तुमची,
मास्तरीण


दि. १७ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

मनगटाचं कळलं. कुणाकडून, ते विचारू नकोस आणि तिच्यावर डाफरू नकोस.

टोपलीतली लिंबं दिसली ते तू मला लिहिलंस आणि बायको पडली ते लिहिलं नाहीस. मी तुझी बहीण आहे, विमा कंपनी नाही. माझ्यापासून नुकसान लपवून तुझा हप्ता कमी होणार नाही. शाळेचं वर्ष संपलं की तिघंही इकडे या. मागची खोली मी झाडून ठेवते आहे. घराचं काय करायचं, ते इथे बसून ठरवू.

आज जास्त लिहवत नाही. तिघांना आशीर्वाद.

ताई


दि. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं. आम्ही यायचं ठरवलं आहे. मास्तरीणबाईंनी विचारलं की तुम्हाला फार वाईट वाटेल का. मी म्हणालो, वाटेल, पण तू रोज घाबरत घराबाहेर पडतेस त्याचं जास्त वाटतं.

फक्त मंडईचं काम पुरं करून येतो. नगरपालिकेकडे नव्या दिव्यांना पैसे नाहीत आणि नव्या छपरालाही नाहीत. पत्रे काढून टाकणं हाच सगळ्यांत कमी खर्चाचा मार्ग, हे मी त्यांच्या गळी उतरवलं. पत्रे भंगारात जातील, त्यातून माझी मजुरी सुटेल. चोर पुन्हा वरून उतरू नयेत म्हणून काचेखाली लोखंडी जाळी ताणतोय. आतून परांची बांधून एकेक तावदान धुतलं, फुटकी होती ती बदलली. थोडी थोडी नाही, एकदमच उघडा, असं भाजीवाले म्हणाले. म्हणून पत्रे सैल करून दोरांना बांधून ठेवले आहेत.

खरं सांगू का, आता मलाच धाकधूक वाटते. एवढ्या वर्षांची घाण उजेडात येईल आणि सगळे म्हणतील की अंधार होता तेच बरं होतं. तू ये. त्या दिवशी माझ्या माणसांपैकी तू इथे असावंस असं वाटतं. मग सगळे एकाच गाडीने परत जाऊ.

येशील ना, एवढंच मागतो.

तुझा,
भाऊ


दि. २१ एप्रिल

अहो,
सा. न.

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून घरातलाच घातला.

काल भाऊने मंडईचे पत्रे काढले. मी मंडईत शिरले तेव्हा आत मिणमिणते दिवे आणि ओलसर वास. मास्तरिणीच्या हाताचं प्लास्टर नुकतंच निघालं आहे. आमच्या दोघींच्या मध्ये भिंगरी, दोन्ही हातांनी आम्हाला धरून. भाऊ छपरावर होता. तो दिसत नव्हता, नुसती पावलं वाजत होती. मग त्याने वरून हाक दिली, बाहेरच्या माणसांनी दोर ओढले आणि पत्रे घसरले त्याचा एवढा आवाज झाला की मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा काय दिसलं, ते कसं लिहू. उजेड इतक्या उंचावरून आला की खाली पोचायला त्याला वेळ लागला असं मला वाटलं. आधी खांबांची टोकं उजळली. लोखंडी खांबांवर वेली आहेत, पानापानाची शीर दिसते. मग तराजू, मग माणसांचे खांदे, मग फरशी. फरशी निळी आहे हो. तिथे जन्म काढलेल्यांना ती काळी वाटत होती. टोमॅटो, कोबी, मासळी, जे ते आपापल्या रंगाचं झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक आपले हात उलटेपालटे करून बघत होते. मग एका मासेवालीने समोरच्या अंडीवाल्याला निरखून पाहिलं आणि विचारलं की तुमचे केस कधी पांढरे झाले. तो म्हणाला, तुमच्यासमोरच झाले की, बाई. सगळे हसले, आणि हसता हसता बरेच जण डोळे पुसत होते. त्यात मीही.

माझी बोटं मोकळी झाली तेव्हा कळलं की भिंगरीने हात सोडला. ती चालत मधोमध गेली, निळ्या फरशीवर उताणी झोपली आणि वर बघत राहिली. वर तिचा बाप तुळईवर पालथा पडून काचेतून खाली बघत होता. कितीतरी वेळ दोघं तशीच एकमेकांना बघत होती. मास्तरीण माझ्या शेजारी उभी होती. पुढे टाकलेलं पाऊल तिने मागे घेतलं.

आता पुढचं ऐका, आणि माझ्या ऑफिसात कुणाला सांगू नका. मी वर बघत असताना कुणीतरी माझी पर्स कापून नेली. पट्टा तेवढा खांद्यावर राहिला. भर उजेडात, विमा कंपनीतल्या बाईची. मास्तरिणीला सांगितलं तर ती एवढी हसली की मनगट धरून खाली बसली. हसू ओसरल्यावर म्हणाली की म्हणजे, ताई, उजेड आला म्हणून चोर जात नाहीत. मी म्हणाले, नाही जात. त्यावर तिने पुन्हा बराच वेळ वर पाहिलं आणि विचारलं की तुमची मागची खोली आणखी थोडे दिवस रिकामी राहिली तर चालेल का.

मी ज्यासाठी आले होते ते सगळं तोंडाशी आलं होतं. पण माझी मान आपोआप हलली, हो म्हणून. भाऊ छपरावरून उतरला तेव्हा त्याला ते तिनेच सांगितलं. तो खांबाला टेकून उभा राहिला. तिकिटाचे पैसे त्याच्याकडून घेऊन मी आठवड्याने एकटीच निघते आहे. गुडघ्याला तेल लावत जा.

घरी येईपर्यंत आठवण ठेवा.

तुमचीच


दि. ३० जून

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेलं कुलूप मागच्या दाराला लावलं. दोनच दिवसांनी पुढच्या दारातली सायकल गेली. हे म्हणतात, ताईला सांग आणखी एक पाठव. मंडईवर दगड पडून दोन तावदानं फुटली. ह्यांनी नवीन बसवली. ह्यांनी पैसे मागितले नव्हते, पण मंडईतल्या लोकांनी आपसांत जमवून आणून दिले आणि ह्यांना चहा पाजला. औषधवाल्याचं दुकान मात्र परत फुटलं. तो आता गाव सोडायचं म्हणतो. त्याला थांबा म्हणायचा मला धीर झाला नाही.

आम्ही एक वर्ष राहायचं ठरवलं आहे. शाळेने मला या वर्षासाठीही घेतलं. वर्ष सरलं की पुन्हा दोघं बसून विचार करू. भीती गेलेली नाही. कुणी मागून झपझप चालत आलं की अजून मी बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ देते.

काल मंडईत मी भाजी घेत होते. भिंगरी म्हणाली की अंडी मी आणते, तू इथेच थांब. अंडीवाला पार दुसऱ्या टोकाला. नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर ती निघालीसुद्धा. भाजीवालीने काय भाव सांगितला ते मला ऐकू आलं नाही. भिंगरी खांबाआड गेली आणि दुसऱ्या बाजूने निघाली. टोपल्यांमागे गेली आणि पुन्हा निघाली. मासेवालीने पाय आवरून तिला वाट दिली. तिने अंडी एकेक करून उजेडाकडे धरून पाहिली, पिशवीत ठेवली, वळली. ताई, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाताना आणि येताना, ती मला दिसत होती.

भावजींना नमस्कार. येत जा, आणि आमच्यावर जीव आहे तसाच असू द्या.

तुमची,
मास्तरीण